आपाबाईंची मैना

आपाबाई मारायच्या. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की ही कुणी मायेची मूर्ती होती. फूटपट्टी आडवी नाही, उभी मारायच्या, बोटांच्या पेरांवर. मारून झालं की विचारायच्या, "का मारलं, सांग." सांगता आलं नाही तर आणखी एक. माझ्या डाव्या हाताचं मधलं पेर अजून थंडीत ठणकतं. ते त्यांचं की वयाचं, हे डॉक्टरला ठरवता आलेलं नाही.

नातीनं विषय काढला म्हणून लिहायला बसले. ती कॉलेजात साहित्य शिकते. कादंबरीतलं पोर मोठं होतं ते कसं, त्याच्या मनात दुसऱ्या माणसांबद्दल लहानपणी जे भरून दिलेलं असतं त्याचं पुढं काय होतं, यावर तिला काहीतरी लिहून द्यायचं होतं. पुस्तकांची चळत घेऊन बसली होती. मी डोकावले तर म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं ते." मी चौथी पास आहे. पण मोठी होत जाणाऱ्या एका पोरीची गोष्ट मी दोन वर्षं ऐकली आहे, दर शनिवारी, आणि ती तिच्या कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून हे.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. आमचा उस्मानपुरा तेव्हा आजच्यासारखा दुकानांनी भरलेला नव्हता. थोडी घरं, बाकी शेतं, मधून एक नाला. माझ्या वडिलांच्या म्हशी होत्या. सकाळी घरोघर दूध घालायचं आणि मग शाळेत जायचं, हे माझं काम. शाळा म्हणजे पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर पाण्याचा रांजण. लोक एकमेकांशी बोलत होते, पण जपून. कुणाच्या घरातलं कोण गेलं, कुठं गेलं, कुणामुळं गेलं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

बाईंचं नाव जैनब. मुसलमान पोरी त्यांना आपा म्हणायच्या, आम्ही बाई म्हणायचो. कुणीतरी घाईत दोन्ही जोडून टाकलं आणि ते चिकटलं. हेडमास्तरसुद्धा आपाबाईच म्हणायचे. निजामाच्या राज्यात त्या उर्दू शिकवायच्या. राज्य गेलं, तशी शाळेतली उर्दूही गेली. वर्षाच्या आत मराठी शिका नाहीतर घरी बसा, असा वरून हुकूम आला. बाई घरी बसल्या नाहीत. पहिलीच्या वर्गात पोरांच्या मागं सतरंजीवर मांडी घालून बसल्या, पाटी-पेन्सिल घेऊन. पोरांना हसायचं तेवढं हसू दिलं. वर्ष संपलं तेव्हा त्यांचं अक्षर हेडमास्तरांपेक्षा चांगलं होतं आणि याचा त्यांना फार गर्व होता. चांगल्या होत्या म्हणून नम्र होत्या असं काही नाही.

त्यांचा भाऊ सरहद्दीपलीकडं निघून गेला होता. त्या म्हाताऱ्या आईला घेऊन इथंच राहिल्या. कुणी विचारलं, तुम्ही का गेला नाहीत, तर म्हणायच्या, "पोरींचे पाढे अर्धे राहिले होते." उंच, वाळक्या, पांढरं लुगडं, कोपरापर्यंत बाह्या, गालात कायम एक लवंग, आणि पायात टायरच्या चपला. त्या चपला ओट्यावर वाजल्या की वर्ग आपोआप गप्प व्हायचा. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मराठी शिकल्यावर त्या सगळ्यांशी मराठीतच बोलायच्या, मुसलमानांशीसुद्धा. राग अनावर झाला की मात्र दखनी निघायची. "अगे नक्को गे! कित्ता समझाना तुमकू!" असं ऐकू आलं की आम्ही हात पाठीमागं घ्यायचो.

त्यांचं एक म्हणणं होतं. वाक्य पुरं कर. आमच्या वर्गात शालन होती, रावसाहेबांची नात. रावसाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार. शालन एकदा म्हणाली, "बाई, ती नाल्यापलीकडची माणसं ना..." आणि नाक मुरडलं.

"वाक्य पुरं कर," बाई म्हणाल्या.

"म्हंजे बाई, ती तसलीच."

"हेही अर्धंच आहे. तसली म्हणजे कसली? सांग, मी फळ्यावर लिहिते."

खडू फळ्याला टेकवून बाई उभ्या. शालन उभी. नाल्यापलीकडच्या दलित वस्तीतली सोजर वर्गात मागं बसलेली. शालनला एक शब्द सुचेना. घंटा होईपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि बाईंचा खडू तसाच टेकलेला राहिला. पुढच्याच आठवड्यात हाजीसाहेबांची नात मुमताज म्हणाली, "आपा, ये हिंदू लोगां..." तिचीही तीच गत. हाजीसाहेबांची लाकडाची वखार होती आणि बाईंच्या मोहल्ल्यात त्यांचा शब्द चालायचा. पण बाईंनी नात कुणाची आहे हे पाहिलं नाही. मला तेव्हा कळलं, अशी वाक्यं अर्धीच बोलायची असतात. ती पुरी केली तर बोलणाऱ्यालाच लाज वाटते.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला गोष्ट. आम्ही तिसरीत होतो तेव्हा पहिल्या शनिवारी बाईंनी सुरुवात केली, "मैना नावाची एक मुलगी होती. तुमच्याएवढी."

"कुणाची बाई?" शालननं लगेच विचारलं.

"आईची."

"तसं नाय बाई. जात कोणती?"

"मला तिनं सांगितलेली नाही."

आम्हाला वाटलं, पुढं कळेल. कळलंच नाही. मैना धीट होती, थोडी खोटारडी होती, तिला आंधळी आजी होती, तिला शिकायचं होतं आणि शाळा नदीपलीकडं होती. प्रत्येक शनिवारी ती थोडी मोठी व्हायची. कुणावर तरी उगीच संशय घ्यायची आणि तोंडावर पडायची. कुणाला तरी वचन द्यायची आणि मोडायची, मग आठवडाभर आम्हालाच झोप लागायची नाही. पण ती कोण, हे बाई सांगायच्या नाहीत. आम्ही फार प्रयत्न केले.

"बाई, मैनाची माय लुगडं कसं नेसती?"

"घाईघाईत."

"सणाला काय करतात त्यांच्यात?"

"गोड."

"मैना देवळात जाती का मशिदीत?"

"आत्ता तिला शाळेला उशीर झालाय. मधे बोलू नको."

मग मधल्या सुट्टीत आम्ही आपापसांत ठरवायचो. शालन म्हणायची, मैना मराठ्यांची, नाहीतर एवढी धीट कशी? मुमताज म्हणायची, आमच्यातली, कारण ती आजीच्या पाया पडल्याचं बाईंनी एकदाही सांगितलं नाही. माझी खात्री होती की तिच्या घरी म्हशी आहेत. एक दिवस यावरून झिंज्या ओढण्यापर्यंत पाळी आली. बाईंनी दोन्हीकडच्यांना फूटपट्टी दिली आणि नियम केला. गोष्ट चालू असताना जो कुणी मैनाची जात काढेल, किंवा कळेल असं काही बोलेल, तो बाद. बाद झालेल्यानं दाराबाहेर उभं राहायचं, गोष्ट संपेपर्यंत.

त्याचा आम्ही खेळ केला. ओट्यावर गोल बसायचं, एकेकीनं मैनाची गोष्ट पुढं न्यायची, जात कळली की सगळ्यांनी ओरडायचं, "बाद!" खेळून बघा एकदा. चार वाक्यं बोलून दाखवा. मैना सकाळी उठली, तिनं अंगणात सडा टाकला. बाद. मैनानं सलाम केला. बाद. मैनाच्या मामानं बकरा कापला, मैनाच्या बापाला पाटलानं वाड्यात बोलावलं, मैनाला कुणीतरी ओट्यावर बसू दिलं नाही. बाद, बाद, बाद. भाकरी कुणाच्या हातची, चूल कुठं, घर गावाच्या कोणत्या अंगाला, कशालाही हात लावा, जात हाताला लागतेच. आम्ही नऊ-दहा वर्षांच्या पोरी, पण आम्हाला एवढं सगळं आधीच माहीत होतं. कुणी शिकवलं म्हणून आठवत नाही.

या खेळात सोजर कधी बाद व्हायची नाही. कुठं पाय ठेवला की काय कळतं, हे तिला आमच्या आधीच शिकवलेलं होतं.

आणि बाई तर कधीच बाद होत नव्हत्या. एका शनिवारपर्यंत. आम्ही चौथीत होतो. बाई सांगत होत्या, "मैना पहाटे उठली, घागर घेतली, विहिरीवर गेली, पाणी शेंदलं, घागर भरून घरी आली आणि..."

मागून सोजर म्हणाली, "बाई, बाद."

बाई थांबल्या. आम्हाला काहीच कळलं नाही. यात जात कुठं आली?

"का?" बाईंनी विचारलं.

"मैना विहिरीवर गेली आन पाणी शेंदलं. कुणी हटकलं नाय. म्हंजे ती आमच्यातली नाय," सोजर म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खेळातली चूक दाखवावी तसं दाखवलं.

बाईंनी गालातली लवंग या गालातून त्या गालात नेली. मग फूटपट्टी टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि दाराबाहेर जाऊन उन्हात उभ्या राहिल्या. हेडमास्तर ओट्यावरून चालले होते. म्हणाले, "आपाबाई, तुम्ही बाहेर?"

"बाद झाले," बाई म्हणाल्या.

घंटा होईपर्यंत त्या आत आल्या नाहीत.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी बाईंच्या घरी दूध घालायची. माय बजावायची, "दूध घालायचं आन यायचं. त्यांच्या घरचं पाणी पिली तर बघ." बाईंच्या मागच्या दाराशी एका खिळ्याला तामचिनीचा एक मग टांगलेला असायचा, काठाला टवके उडालेला. संडास साफ करायला येणाऱ्या बाईला त्यातून चहा मिळायचा, वरून ओतून. त्यात नवल काही नव्हतं. आमच्याकडंही तिच्यासाठी कोनाड्यात एक वेगळी वाटी होती. सगळ्यांकडं असायची. मैनाची जात न सांगणाऱ्या आपाबाईंच्याही घरी होती.

सोजरनं त्यांना बाद केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन गेले, तर खिळा रिकामा. ती बाई पायरीवर बसून घरातल्या कपबशीतून चहा पीत होती, फार अवघडून. आणि आपाबाई चुलीपाशी उभ्या राहून त्या टवके उडालेल्या मगातून चहा पीत होत्या. आतून त्यांची आई ओरडत होती, "या अल्ला! पागल हो गई लडकी! फेंक दे उसकू, नया ला!"

"फेकायचा कशाला? चांगला आहे," बाई मराठीतच म्हणाल्या. मग माझ्याकडं पाहून, "काय बघतेस? माप घाल."

पुढच्या शनिवारी बाईंनी विहीर पुन्हा सांगितली. "मैनाच्या गावात विहिरीवर कुणीही पाणी भरतं."

"असं गाव कुठं असतंय बाई?" सोजर म्हणाली.

"बघू या," बाई म्हणाल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्या ओट्यावर आल्या. शाळेची रीत अशी होती की आम्ही रांजणातून आपल्या हातानं पाणी घ्यायचं आणि सोजरनं खाली उभं राहून ओंजळ धरायची. किसनमामा, शाळेचे शिपाई, वरून तांब्यानं ओतायचे. बाईंनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि रांजणाच्या कडेला टांगलेली पाणी काढायची डवली सोजरच्या हातात दिली. "घे."

सोजरनं रांजणाकडं पाहिलं, मग आमच्याकडं. मग डवली बुडवली आणि प्याली. बाईंनी तीच डवली तिच्याकडून घेऊन बुडवली आणि प्याल्या. नंतर मुमताजला दिली. मुमताज प्याली, मी प्याले. शालननं तोंड फिरवलं, पण उन्हाळा होता. शेवटच्या तासाच्या आत तीही पिऊन आली.

एवढंच झालं. यात भाषण नव्हतं काही. मला तर वाटतं बाईंना फक्त गोष्ट नीट करायची होती. पण शालननं घरी जाऊन सांगितलं, "मैना सगळ्यांच्या रांजणातलं पाणी पिती, म्हून मी पण पिणार."

पुढच्या शनिवारी रावसाहेब आणि हाजीसाहेब दोघंही शाळेत आले. पोलीस ॲक्शननंतर ही दोन माणसं एका रस्त्यानं बरोबर चालताना कुणी पाहिली नव्हती. हेडमास्तर मागोमाग. बाई दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इथंच बोला. वर्ग सोडून येता येणार नाही."

रावसाहेब म्हणाले, "ती मैना कोण हाय, तिला भाईर काढा. आन तिच्या बापाला बलवा."

हेडमास्तरांनी खालच्या आवाजात सांगितलं, "रावसाहेब, ती गोष्टीतली आहे."

"आसंल. पण बाप कोण तिचा?"

आम्ही खिडकीला लोंबकळून ऐकत होतो. हाजीसाहेब पुढं झाले. "आपा, जरा समझो. अपने दिन कैसे चल रै, तुमकू मालूम हैच. सर नीचा करके रहने का वखत है ये. बोल दो लडकी मराठन है, और किस्सा खतम करो."

"मुमताज म्हणते, ती तुमच्यातली आहे," बाई म्हणाल्या. "विचारा तिला."

"हमारे में की? तो फिर उन्ने वो रांजन का पानी कायकू पी?"

"म्हंजे मुसलमान व्हय?" रावसाहेब उसळले. "आन तिच्यापायी माझी नात घरात भांडती?"

"शालन म्हणते, ती मराठ्यांची आहे."

"मराठ्यांची पोर आसं करंलच कशी!"

"म्हणजे दोघांनाही नको आहे," बाई म्हणाल्या. "मग माझ्याकडंच राहू द्या."

तेवढ्यात आतून सोजरचा आवाज आला. "कुणालाच नको आसंल तर आमच्यात घेतो बाई."

बाई वळल्या. म्हणाल्या, "सोजर, बाद. बाहेर ये."

सोजर उठली, मुकाट्यानं बाहेर आली आणि दाराशी उभी राहिली. बाई तिच्या शेजारी सरकून उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लागेल अशा. एका बाजूला दोन मोठी माणसं आणि हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला त्या दोघी.

रावसाहेब वाईट माणूस नव्हते. आमची म्हैस विताना अडली तेव्हा त्यांनीच आपला गडी पाठवला होता. त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुम्ही शिकलेल्या. आमच्या पोरींनी हिच्या... म्हंजे ह्या लोकांच्या हातचं..."

"वाक्य पुरं करा, रावसाहेब."

रावसाहेबांनी सोजरकडं पाहिलं. ती त्यांच्याकडंच बघत होती. खिडकीत शालनचं तोंड होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तुमाला समजतंय मला काय म्हणायचं ते."

"मला समजतं. पण या पोरी शिकायला आल्यात. त्यांना समजलं पाहिजे. करा पुरं."

त्यांनी केलं नाही. उपरणं झटकलं आणि पायऱ्या उतरून गेले. हाजीसाहेब जाता जाता म्हणाले, "पछताओगी आपा." त्यांना राग आला होता की भीती वाटत होती, हे मला आजही सांगता येणार नाही.

हेडमास्तर मागं राहिले. घाम पुसत म्हणाले, "आपाबाई, एक शब्द. काहीही सांगा, कोणतीही जात सांगा. रांजणाचं पूर्वीसारखं करू. मी ते मिटवतो. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि मग तुमची या शाळेतली जागा राहत नाही. आई म्हातारी आहे तुमची. कुठं फिरवत नेणार तिला?"

"गोष्टीचा तास चालू आहे," बाई म्हणाल्या. "सोजर, आत चल. तुझी शिक्षा झाली."

त्या दिवशी मैना पहिल्यांदा नदीपर्यंत पोचली. पलीकडच्या काठावर शाळा दिसत होती. नावेत बसायला गेली तर नावाड्यानं वल्हं आडवं धरलं. म्हणाला, आधी सांग, तू कुणाची? त्याशिवाय नाव सुटणार नाही. मैना काठावर उभी राहिली. पाणी चढत होतं. तेवढ्यात घंटा झाली.

"पुढचं पुढच्या शनिवारी," बाई म्हणाल्या.

पुढचा शनिवार आला, पण बाई नव्हत्या. त्यांची बदली कन्नड गावाच्याही पलीकडं, घाटाकडच्या एका गावात झाली. जायच्या दिवशी मी दूध घालायला गेले तेव्हा टांगा दारात होता. आईला आत बसवून झालं होतं. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही. म्हणाल्या, "कौसल्या, तुझा 'क्ष' अजून चांगला येत नाही. गिरव." आणि तो टवके उडालेला मग पदराखाली घेऊन टांग्यात बसल्या.

सोमवारी किसनमामा पुन्हा तांब्या घेऊन ओट्यावर उभे होते. सोजर त्यांच्या बाजूनं गेली, डवली उचलली, बुडवली आणि प्याली. मामा ओरडले. मग मुमताज उठली आणि प्याली, मी प्याले. सगळा वर्ग उठला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. बऱ्याच जणी बसून राहिल्या. शालन उठली, रांजणापर्यंत आली आणि परत गेली. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मात्र प्याली. असं काही दिवस चाललं. शेवटी हेडमास्तरांनी रांजणच उचलून ठेवला. म्हणाले, ज्यानं त्यानं पाणी घरून आणावं. ओट्यावर रांजणाचा गोल डाग पुष्कळ दिवस होता. आम्ही त्याच्याभोवती बसून मैनाचा खेळ खेळायचो. नावाड्याला मैनानं काय सांगितलं, याची प्रत्येकीकडं वेगळी गोष्ट होती, आणि बहुतेक जणी तिथंच बाद व्हायच्या.

चौथीनंतर माझी शाळा संपली. लग्न झालं, तेही कन्नडकडच्याच एका गावात. नात विचारते, मग बाईंमुळं तू बदललीस का? बदलणं एवढं स्वस्त नसतं. सासरी मीही कोनाड्यातली वेगळी वाटी पुसली आहे. पुढं ती माझ्या हातानं काढून टाकली, पण त्याला वर्षं लागली, आणि सासूशी झालेलं भांडण इथं सांगण्यासारखं नाही. एवढं खरं, की एखाद्याबद्दल अर्धं वाक्य तोंडावर आलं की माझं पेर ठणकतं. थंडी नसली तरी.

बाई मला त्यानंतर एकदाच भेटल्या. माझी दोन पोरं झाली होती तेव्हा. कन्नडचा बाजार करून मी एसटी स्टँडवर आले, तर बाकावर टायरच्या चपला दिसल्या. मग वर पाहिलं. केस पांढरे झाले होते. मांडीवर फिरकीचा तांब्या आणि तो मग, आता टवके जास्त. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, "उभी राहा. 'क्ष' काढता येतो का आता?"

"येतो बाई."

"बस."

आई गेली होती. त्या अजून त्याच बाजूच्या शाळांतून फिरत होत्या. कुठंच फार दिवस ठेवत नाहीत, म्हणाल्या. का, हे मी विचारलं नाही. मांडीवरच्या त्या मगानंच ते सांगितलं. दुसरंच विचारलं. इतकी वर्षं पोटात राहिलेलं.

"बाई, मैनानं नावाड्याला काय सांगितलं?"

त्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "काही नाही सांगितलं. पोहत गेली."

"पोहायला कधी शिकली?"

"तो विचारत होता ना, तेवढ्या वर्षांत."

शेजारी एक बाई बसली होती, कडेवर लेकरू, पायाशी गाठोडं. ती कान देऊन ऐकत होती. तिनं मधेच विचारलं, "आवं, कुण्या जातीची व्हती म्हणायची ती पोर?"

"बाद!" मी आणि बाई एकदमच म्हणालो.

आणि बाई हसल्या. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले होते हे मला तेव्हा दिसलं. ती बाई बिचारी गोंधळून आमच्याकडं बघत राहिली.

माझी गाडी लागली. पिशव्या घेऊन चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. खाली पाहिलं तर ती बाई आपाबाईंना काहीतरी म्हणत होती. लेकराला तहान लागली असावी, ते ओठ चाटत होतं. आपाबाईंनी तांब्याची फिरकी काढली, तो मग पाण्यानं भरला आणि तिच्यापुढं धरला. त्या बाईनं हात पुढं केला. मग तिची नजर मगावर गेली, मग बाईंच्या तोंडाकडं. तिचा हात थांबला.

"तुमी कोण म्हणायच्या?" तिनं विचारलं. एवढं मला ऐकू आलं.

"तहान कुणाला लागलीय?" बाई म्हणाल्या.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी मागं आली, मग वळली. मी मान बाहेर काढून बघत राहिले. लेकरू मगाकडं झेपावत होतं, त्याची आई त्याला धरून होती, आणि बाईंचा हात पुढंच होता, काठोकाठ भरलेला मग घेऊन. गाडी रस्त्याला लागेपर्यंत तो खाली आला नव्हता.